काचपट्टीवरचं उष्टं

मागच्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर दिसलात, तेव्हा आइस्क्रीमच्या एकाच डब्यात एकच चमचा फिरत होता. आधी धाकटीच्या तोंडात, मग थोरल्याच्या, मग परत डब्यात. मी फोन आजोबांच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. "आजी कुठे गेली?" असं तुम्ही विचारलंत आणि आजोबांनी "दार वाजलं" म्हणून सांगितलं. दार वाजलं नव्हतं. मला मळमळलं होतं.

त्याच फोनवर थोरल्याने सांगितलं की शाळेत सध्या पेशी शिकवताहेत आणि तो धडा फार कंटाळवाणा आहे. म्हणून हे लिहायला बसले. आईला वाचून दाखवायला सांगा. जेवताना वाचू नका.

तुमची आजी नीटनेटकी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आजीला किती गोष्टींची किळस येते, ते मात्र माहीत नसेल. सिंकच्या जाळीत अडकलेला भात. लिफ्टच्या कोपऱ्यातली पिचकारी. बोट जिभेला लावून नोटा मोजणारा माणूस. दुधाच्या पिशवीच्या कापलेल्या टोकावर वाळलेली साय. आणि सगळ्यात जास्त उष्टं, कुणाचंही. माझा पेला वेगळा, ताट वेगळं. तुमची आई लहान असताना तिच्या वाटीतला उरलेला वरणभात मी कधी खाल्ला नाही. शेजारणी म्हणायच्या, "आईला कसली गं किळस लेकराच्या उष्ट्याची?" मला यायची. मी ती वाटी आजोबांकडे सरकवायचे. ते खायचे.

मी इंग्रजीतून शिकले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रात्यक्षिकात दोघींमध्ये एक सूक्ष्मदर्शक असायचा. प्राणीपेशी बघायची म्हणजे स्वतःच्या गालाची आतली बाजू काडीने खरवडायची. माझ्या जोडीदारणीने खरवडली, काडीला लागलेला तो पांढरट, तार सुटणारा चिकटा काचपट्टीवर पुसला आणि पट्टी माझ्यापुढे सरकवली. पट्टीवर एक बुडबुडाही होता. मी तोंडाला रुमाल लावून जी बाहेर गेले, ती त्या तासाला परत आले नाही. घरी सगळ्यांना वाटत होतं की ही डॉक्टर होणार. मी वनस्पतीशास्त्र घेतलं. वनस्पतींची पेशी मला पहिल्यापासून आवडायची. बाहेरून भक्कम भिंत, कोपरे नीट, एकीला लागून दुसरी, चुन्यात बसवलेल्या विटांसारखी. आत पाण्याची मोठी पिशवी, हिरवे कण कडेला. कुठे काही सांडत नाही. प्राणीपेशीला भिंत नाही, आकार नाही, नुसता पातळ पापुद्रा आणि आत लिबलिबीत पदार्थ.

पुढे काही वर्षं मी एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पानांची आणि कांद्याची साल मुलांकडून मन लावून काढून घ्यायचे. प्राणीपेशीची पाळी आली की सांगायचे, "पुस्तकात आकृती आहे, तीच बघा." इतक्या वर्षांत एकाही मुलाला मी गाल खरवडू दिला नाही. वरिष्ठांना कळलं नाही, मुलांनी कधी विचारलं नाही. शाळेने नवीन सूक्ष्मदर्शक घेतले तेव्हा जुन्यातला एक, आरशाचा, मला निरोपाला मिळाला. तो लाकडी पेटीतून माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

आता त्या मुलीकडे येते. इंदिरानगरला आपल्याकडे सकाळी दारावर भाजी आणि फुलं घेऊन येणारी बाई तुम्हाला आठवत असेल. धाकटीच्या केसांत तिने अबोलीचा गजरा माळला होता. शहराच्या कडेला त्यांचं थोडं रान आहे. पालक, मेथी, गिलकी आणि दसरा-दिवाळीला झेंडू. तिची मुलगी आठवीत, मराठी शाळेत. विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्या वर्गातून तिची निवड झाली होती. विषय 'प्राणीपेशी व वनस्पतीपेशी यांतील फरक', प्रदर्शन दसऱ्याच्या दोन दिवस आधी.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी म्हणजे त्यांच्याकडे झेंडू तोडायची सगळ्यात मोठी घाई. घरातला एकही हात मोकळा राहत नाही. मुलीच्या आजीने साफ सांगितलं होतं की झेंडू सोडून पोरीने कुठे जायचं नाही. आईने सासूशी भांडून एका दिवसाची सुटी मिळवली. ते तिने मला दारातच सांगितलं.

"लय बोलले काकू मी. सासूबाईंना म्हणलं, एक दिस सोडा. काय नाय झालं तिकडं, तर पुढच्या वर्षी मी तोंड उघडायची नाय."

"मग अडचण काय?"

आईने मुलीकडे बघितलं. मुलीने पाठीमागे लपवलेली कापडी पिशवी पुढे केली. आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, एक अंडं.

"हे काय?" मी दोन पावलं मागे गेले.

मुलीने सगळं एका दमात सांगितलं. सर म्हणाले आहेत, अंडं व्हिनेगरमध्ये ठेवायचं. कवच विरघळतं, आतला पापुद्रा उरतो. ते पाण्यात टाकलं की पाणी आत शिरून फुगत जातं. दुसरीकडे मनुका पाण्यात टाकायची. मनुकाही फुगते, पण वनस्पतीपेशीला भिंत असते म्हणून ती एका मापापुढे जात नाही. अंड्याला अडवणारं कुणी नाही. मनुका सायखेड्याच्या मामाकडून आल्या आहेत. फक्त अंडं ठेवायला जागा नाही.

"आमच्याकडं घट बसल्यात," आई म्हणाली. "सासूबाई वणीच्या गडावर पायी जाऊन आल्या. त्यांना टरफल जरी दिसलं ना दारात, तर मला पोरीसकट बाहेर काढतील. तुमच्याकडं घट नसतात, म्हणून म्हणलं."

खरं आहे. आपल्याकडचे घट तुमच्या चुलत आजोबांकडे बसतात. पण या घरात पन्नास वर्षांत अंडं आलेलं नव्हतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आजोबांचा आवाज आला. "लग्नापासून माझी हिंमत झाली नाही आणि ही एवढीशी पोर पिशवीतून घेऊन आली! बाळ, एकच आणलंस का गं?"

मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "स्वयंपाकघरात नाही. धुण्याच्या गॅलरीत ठेवायचं. आणि मी हात लावणार नाही."

लोणच्याची एक जुनी बरणी दिली, परत न मागण्याच्या बोलीवर. तिने अंडं आत सोडलं, वरून व्हिनेगर ओतलं. लगेच कवचावर बारीक बुडबुडे धरले. कवच चुनखडीचं असतं, आम्लाने त्यातून वायू सुटतो. हे मला ठाऊक होतं. त्याचा फेस असा घाणेरडा, तपकिरी आणि वर तरंगणारा होतो, ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तोंडाशी मळकट सायीचा थर जमला होता. आंबट आणि कुबट असा मिळून एक वास गॅलरीतून धुतलेल्या कपड्यांना लागला. मी सगळे कपडे पुन्हा धुतले. बरणीवर वाटी पालथी घातली, वाटीवर फडकं, फडक्यावर दगड.

मुलगी रोज शाळा सुटल्यावर यायची. बाही वर सरकवून हात बरणीत घालायची आणि अंडं अंगठ्याने हळूहळू चोळायची. उरलेलं कवच पिठाच्या गिलाव्यासारखं निघून जायचं. मी दाराच्या चौकटीत, नाकाला पदर लावून.

"आजी, बघा ना. आतला बलक हलतोय."

"मला इथून दिसतंय."

दिसत होतं. कवच गेल्यावर ते पिवळट, अर्धवट पारदर्शक झालं होतं आणि आत बलकाचा गोळा हेलकावत होता. एखाद्याच्या डोळ्यावरची पापणी काढून टाकावी तसं. तिला मात्र मी एक गोष्ट बजावली, कारण चुकीचं शिकवलेलं मला चालत नाही. बाहेरचा हा पापुद्रा म्हणजे पेशीपटल नव्हे. खरी पेशी म्हणजे आतला बलक. बाकीचं कोंबडीने तिच्याभोवती गुंडाळलेलं सामान. हा पापुद्रा फक्त पेशीपटलासारखं वागून दाखवतो, पाणी आत घेतो आणि आतलं बाहेर सोडत नाही. परीक्षकांना हे स्पष्ट सांगायचं. तिने वहीत लिहून घेतलं. तिच्या पुस्तकात सगळे शब्द मराठीत होते. माझ्या मायटोकाँड्रियाला तिथे तंतुकणिका म्हणतात. आजोबांना तो शब्द इतका आवडला की दिवसभर मला चहा मागताना ते 'तंतुकणिके' म्हणून हाक मारत होते.

तिसऱ्या दिवशी तिने व्हिनेगर ओतून साधं पाणी भरलं. अंडं फुगायला लागलं. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारपर्यंत ते मूळच्या दीडपट झालं होतं आणि पापुद्रा ताणून चकचकत होता. पाणी गढूळ झालं होतं आणि त्यात पांढरे दोरे तरंगत होते. मुलगी चारला येऊन ते घेऊन जाणार होती. मामाचा टेम्पो बाहेर थांबणार, त्यातूनच ती बरणी परस्पर शाळेत ठेवणार, घरी न नेता.

दोन वाजता मी गॅलरीत गेले. अशी घाण बरणी माझ्या घरून परीक्षकांपुढे जाणार, ते मला सहन होईना. एक स्वच्छ, पारदर्शक बरणी घेतली. गाळलेलं पाणी भरलं. अंडं एकीतून दुसरीत न्यायचं, एवढंच काम. हात घालणं शक्य नव्हतं. म्हणून फुलके भाजायचा जुना चिमटा घेतला.

चिमट्यात ते सापडलं. मी उचललं. दोन्ही बरण्यांच्या मधोमध हवेत ते फुटलं.

ते कसं फुटलं, हे सांगताना आत्ताही माझ्या अंगावर काटा येतोय. आवाज झाला नाही. चिमट्याची टोकं एकमेकांना भिडली आणि सगळं एकदम खाली आलं. ओट्यावर, मशीनवर, माझ्या निऱ्यांवर, पायाच्या बोटांमध्ये. कोमट आणि बुळबुळीत. बलक फरशीवर पसरला आणि उताराने मोरीच्या जाळीकडे निघाला. चिमट्याला एक चिंधी लोंबत होती. मी तशीच उभी राहिले आणि ओरडले. आजोबा धावत आले, बघितलं आणि काही विनोद न करता पोछा आणायला गेले. ओकारी आवरून मी पाय धुतले, मग साबणाने धुतले, मग डेटॉलने.

चारला मुलगी आली. तिने रिकाम्या बरण्या बघितल्या, चिमटा बघितला.

"चिमट्यानं उचललं?"

मी चिमटा मोरीत ठेवला.

"हातानं उचलायचं असतं, आजी. खालून ओंजळ करून. त्याला भिंत नसते. तुम्हाला तर ठाऊकच आहे."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, मोरीच्या जाळीवर अडकलेला पापुद्रा दोन बोटांनी उचलला, उजेडात धरून बघितला आणि पिशवीत टाकला. मग हिशेब लावल्यासारखं म्हणाली, "नवीन अंड्याला दोन दिवस लागतील. संडासाचं ॲसिड टाकलं तर लवकर होईल का?"

"नाही. हात भाजतील."

"मग सरांना फोन करून नाव काढून घेते. त्यांच्याकडं दुसऱ्या एकाचं थर्माकोलचं मॉडेल तयारच आहे, दुकानातून आणलेलं. मी उद्या झेंडूला जाते." आणि थोडं थांबून, "आईला आता परत भांडता यायचं नाही."

आजोबा पोछा पिळत होते. पाठमोरेच म्हणाले, "माळ्यावर एक पेटी आहे."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा माणूस असता तर गप्प बसला असता.

"पेटीत सूक्ष्मदर्शक आहे," ते मुलीला म्हणाले. "आजींना विचार, अंड्याशिवाय प्राणीपेशी कुठे मिळते."

तिने विचारलं. मला सांगावं लागलं.

पेटी उतरवली. गुंडाळलेलं जुनं सुती लुगडं काढलं. भिंगं धुरकटली नव्हती. पेटीच्या कप्प्यात पाच काचपट्ट्या होत्या आणि वरून ठेवायच्या पातळ काचांची एक डबी. पेशी रंगवायला काही हवं होतं. तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध आजोबांनी खालच्या दुकानातून आणलं. त्याचा एक थेंब पाण्यात पातळ केला. राहिला गाल.

मुलीने आनंदाने तोंड उघडलं. तिचा उपवास होता. दाढांमध्ये साबुदाणा अडकलेला, जिभेवर शेंगदाण्याचा कूट, टाळूपासून जिभेपर्यंत लाळेची एक तार. दात कोरायची काडी माझ्या हातात होती. मी ती तिच्या तोंडापर्यंत नेली आणि परत आणली. पुन्हा नेली. नाहीच जमलं.

मग विचार केला की कुणाचं उष्टं बघायचंच असेल तर निदान आपलं बघावं. दोनदा चूळ भरली. काडीच्या बोथट बाजूने गालाच्या आत खरवडलं आणि जे निघालं ते काचपट्टीवर पुसलं. पन्नास वर्षांपूर्वीचाच चिकटा. तोच बुडबुडा. फक्त या वेळी माझा. त्यावर जांभळा थेंब, त्यावर पातळ काच. खिडकीशी बसून आरसा फिरवला, उजेड घेतला, स्क्रू फिरवत गेले आणि एका जागी सगळं स्पष्ट झालं.

पापड वाळत घातल्यासारख्या पेशी, इकडे तिकडे पडलेल्या. कुणाची कड दुमडलेली, कुणाची चुरगळलेली. कोपरा म्हणून नाही. प्रत्येकीच्या मध्यावर गडद ठिपका, केंद्रक. आकृतीत असतं तसंच होतं, फक्त आकृतीतली पेशी गोल आणि इस्त्री केलेली असते. मी जरा वेळ बघत राहिले. मग पेशीवर पसरलेले दुसरेच काही बारीक ठिपके दिसले आणि मी मागे सरले.

मुलीने डोळा लावला. "आजी! तुमच्या पेशीवर मुंग्या आहेत!"

"मुंग्या नाहीत. जंतू आहेत."

"तुमच्या तोंडात?"

"सगळ्यांच्या तोंडात असतात."

"तुमच्याही?" तिला ते फार आवडलं. आजोबांनाही. दोघं आळीपाळीने माझ्या तोंडातले जंतू बघत होते. मी सकाळ-संध्याकाळ दात घासते, जेवणानंतर चूळ भरते, बाहेरचं पाणी पीत नाही. आणि माझ्या गालावर ही जत्रा. त्या रात्री मी जीभ इतकी खरवडली की दुसऱ्या दिवशी चहा झोंबला.

वनस्पतीपेशीसाठी मी तिला सांगितलं की सकाळी येताना झेंडूची दोन फुलं आण.

प्रदर्शनाला मी स्वतः गेले, कारण तो सूक्ष्मदर्शक दुसऱ्याच्या हाती द्यायची माझी तयारी नव्हती. आरशाला उजेड हवा, म्हणून टेबल खिडकीशी हवं होतं. तिथे थर्माकोलचं मॉडेल आधीच मांडलेलं होतं. मुलीने नाव काढलं नव्हतं, तरी सरांनी ऐन वेळी तेही घेतलं होतं. त्या मुलाचे वडील मॉडेलशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "आमचं पण उजेडातच चमकतं, मॅडम." शेवटी अर्धी खिडकी त्यांना, अर्धी आम्हाला.

मुलीने झेंडूची पाकळी तिरकी फाडली, कडेला सुटलेला अगदी पातळ पापुद्रा पाण्याच्या थेंबात ठेवला. तिचे हात माझ्याहून हलके आहेत. भिंगाखाली एकीला लागून एक पेशी, प्रत्येकीला आपली भिंत आणि आत पिवळ्या रंगाचे कण. त्या वर्णलवकांनीच झेंडू पिवळा दिसतो. शेजारच्या काचपट्टीवर मी.

परीक्षक म्हणजे एक मध्यम वयाचे गृहस्थ. त्यांनी आधी पाकळी बघितली, मान डोलावली. मग दुसरी पट्टी.

"ही कशाची?"

"प्राणीपेशी, सर. खऱ्या माणसाच्या गालातली."

"कुठल्या माणसाच्या?"

"या आजींच्या. आज सकाळी काढली."

त्यांनी भिंगावरचा डोळा झटकन उचलला आणि रुमालाने पुसला. "म्हणजे थुंकी?"

"थुंकी नाही, सर. पेशी थुंकीबरोबर आल्यात. मधी काच आहे, घाबरू नका." मग तिने बोट दाखवून सांगितलं की ही कड, हिला भिंत नाही, म्हणून दुमडते. पाकळीची पेशी दुमडत नाही. "काल आमचं अंडं फुटलं सर, तेव्हा मला नीट समजलं." चिमटा कुणाच्या हातात होता, ते तिने सांगितलं नाही.

मी त्या गृहस्थांचा चेहरा बघत होते. नाकाच्या शेंड्यापासून ओठांपर्यंत तो आक्रसला होता. तो चेहरा मी ओळखते. रोज आरशात बघते.

नंतर मात्र अनर्थ झाला. मुलांना कळलं की इथे स्वतःच्या तोंडातल्या पेशी बघायला मिळतात. टेबलापुढे रांग लागली. मुलगी काड्यांचं पुडकं घेऊन बसली होती. माझं काम पट्ट्या धुवायचं. एकामागून एक तोंडं उघडत होती. चिवडा लागलेली, निळं पेप्सीकोला चोखलेली, पडलेल्या दाताच्या जागी रक्ताळलेली. एकाला सर्दी होती. सगळ्यात शेवटी शाळेचे शिपाई आले. तोंडातला मावा बाहेर थुंकून येतो म्हणाले, आले आणि त्यांनी आ केला. आतली बाजू कातासारखी लाल, त्यावर चुन्याचे पांढरे चट्टे. मुलीने न कचरता खरवडलं. पट्टीवर जे आलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. पेशींवर तपकिरी चुरा पसरलेला होता. शिपायांनी खूप वेळ बघितलं. "हे माझ्या गालाचं?" म्हणून दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

ती सगळी उष्टी काच मी बादलीत, हातमोजे घालून धुतली. ज्या मुलांना मी वर्षानुवर्षं आकृती बघायला लावली, ती आता स्वतः मुलांची आईबाप असतील. त्यांतल्या कितीजणांनी स्वतःची पेशी कधीच बघितली नसेल, हे त्या बादलीशी बसून पहिल्यांदा मनात आलं. पट्टी हातातून निसटून फुटली, एवढंच त्याचं फळ.

दुपारी मुलीची आई आली. डोक्यावर फुलांची पाटी तशीच. थेट मुलीला विचारलं, "झालं का काय?" मुलीने तिला भिंगापाशी उभं केलं. तिने आधी पाकळी बघितली.

"आपला झेंडू? ह्या भिंती हायत त्याला? लहान लहान घरंच की." मग दुसरी पट्टी बघितली. "आन् माणसाला नाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग माणूस फुटत कसं नाय, काकू?"

परीक्षकांनी न विचारलेला प्रश्न होता हा. मी तिला सांगितलं की आपल्या रक्तात मीठ असतं, पेशीच्या आत जेवढं तेवढंच बाहेर, म्हणून पाणी एकदम आत घुसत नाही. हे माप शरीराला सारखं सांभाळत बसावं लागतं. तिने पदराने तोंड पुसलं, पाटी खाली ठेवली आणि पुन्हा एकदा वाकून झेंडू बघितला.

पहिला नंबर थर्माकोलला मिळाला. त्याला चमकी लावली होती. मुलीला नंबर मिळाला नाही. एक कागद मिळाला, सहभागाचा. घरी येऊन मी साडी वेगळी भिजवली आणि डोक्यावरून आंघोळ केली. मुलीला काही मिळालं नाही म्हणजे पुढच्या वर्षी आईला सासूपुढे तोंड उघडता येणार नाही, हेच पाणी ओतताना मनात होतं. चिमटा माझ्या हातात होता.

दसऱ्याच्या सकाळी दोघी दाराचं तोरण घेऊन आल्या. आईने चपला काढायच्या आधीच सांगितलं. सहभागाचा कागद सासूबाईंनी देवघरात घटाशेजारी ठेवला होता. त्यांना वाचता येत नाही, शिक्का बघून ठेवला. पोरीने त्यांना सांगितलं की शंभर माणसांनी आपला झेंडू भिंगातून बघितला. शंभर नव्हती, तीसेक असतील.

"म्हणल्या, पुढच्या वर्षी दोन दिस धाड. पण म्हणल्या, ती काच घरी आणून मला दाव. माझं पण बघायचंय."

"आज घट उठले की, आता चालतंय," मुलगी म्हणाली.

मी पेटी दिली. अटी घातल्या. भिंगाला बोट लावायचं नाही. मऊ फडक्यानेच पुसायचं. फुंकर मारायची नाही, थुंकी लावून तर मुळीच पुसायचं नाही. तिने प्रत्येक अटीला मान हलवली.

चार दिवसांनी पेटी परत आली. भिंगावर बोटांचे ठसे. लाकडाला हळदीचा डाग. आणि एक काचपट्टी न धुता तशीच ठेवलेली, त्यावर जांभळा, वाळलेला, कडेने पोपडे धरलेला थर. मुलीच्या आजीचा. म्हातारी मिसरी लावते, तिचे काळे कणही त्यात चिकटलेले. पट्टी मी दोन बोटांच्या नखांत धरली आणि नळाकडे निघाले.

नळ सोडला. मग बंद केला. खिडकीशी आले, आरसा फिरवला आणि आधी बघितलं. मग धुतली, दोनदा, गरम पाण्याने.